अपघातात ठोकलेली जुनी इंडिका डिझेल घरी दुरुस्त करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबांची २००९ ची इंडिका व्ही-२ डिझेल, टर्बो नसलेली, पावसात घसरून उजव्या बाजूने बाभळीवर आदळली आणि आठ महिने शेडमध्ये उभी आहे. दोन गॅरेजवाल्यांनी भंगारात घाला म्हणून सांगितलं. रविवारी आणि सुट्टीला काम करून ती घरीच उभी करता येईल का?

येईल. मी केली आहे, आणि ती गाडी आजही चालते. पण इंजिन सुरू होतं का, हे आधी बघायला जाऊ नका. सगळेजण तेच करतात, मीही केलं होतं. आधी लोखंड मोजा. ते मोजून होईपर्यंत एक रुपयाचाही सुटा भाग घेऊ नका.

आमची इंडिका २००५ ची. ऊस हंगामात रात्री, रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीला मागून डाव्या बाजूने धडकली. धाकट्या भावाचा हात मोडला, बाकी सगळे बचावले. मी उत्साहात आधी बॉनेट, फेंडर, दोन्ही हेडलाइट आणि रेडिएटर आणला, दोन महिने खपून ते बसवले. गाडी रस्त्यावर घेतली तर स्टिअरिंग सतत डावीकडे ओढायचं आणि पुढचे टायर महिन्याभरात एका कडेने झिजले. अलाइनमेंटवाल्याने स्पष्ट सांगितलं, स्टिअरिंगच्या टाय रॉडमध्ये चाक सरळ करायला जेवढी जागा होती तेवढी सगळी संपली. मग घरी ओळंबा लावला तेव्हा कळलं की पुढची डावी बाजू ११ मिलिमीटर मागे सरकलेली आहे. लावलेलं सगळं पुन्हा उतरवावं लागलं.

इंडिकाला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. बॉडीच चॅसी असते. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणारे पत्र्याचे दोन पोकळ दांडे दिसतील, त्यांना लाँग मेंबर म्हणतात. सगळं पुढचं वजन आणि धडकेचा मार त्यांच्यावर येतो. बोलेरो किंवा सुमो असती तर शिडीसारखी चॅसी वेगळी सरळ करता आली असती. इथे ती सोय नाही.

मोजायची पद्धत गवंड्याची आहे. कोबा केलेली सपाट जमीन शोधा. गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर चढवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणीही खाली शिरायचं नाही, घरात कितीही घाई असली तरी. दोन्ही बाजूंना जोडीने असणाऱ्या जागा निवडा: लाँग मेंबरची पुढची टोकं, लोअर आर्मचे (पुढचं चाक खालून बॉडीला धरणाऱ्या दांड्याचे) मागचे बोल्ट, मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट. प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडा आणि खाली खडूने फुली करा. मग गाडी घोड्यांवरून उतरवून बाजूला ढकला, फुल्यांमध्ये सूत ताणा आणि कर्ण मोजा. पुढच्या डाव्या फुलीपासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत. दोन्ही कर्ण तीन मिलिमीटरच्या आत जुळले तर बॉडी सरळ समजा. पाच-सहाचा फरक असला तरी काम होतं. पंधरा-वीसच्या पुढे गेलात, किंवा दरवाजा उघडताना घासतोय, विंडशील्डच्या खांबाजवळचा पत्रा सुरकुतलाय, छताला घडी पडलीय, तर ही गाडी घरी करू नका. तिथे गॅरेजवाल्यांचं बरोबर आहे.

लाँग मेंबर बघताना एक गोष्ट नीट ओळखायला शिका. दांडा वाकला असेल, म्हणजे सलग कमानीसारखा झुकला असेल, तर तो ओढून सरळ करता येतो. पण पत्रा मुडपून त्याला घडी पडली असेल, तर ती घडी ठोकून सपाट केली तरी तिथे ताकद परत येत नाही. तो तुकडा कापून नवा जोडावा लागतो. अनेक डेंटर गॅस कटरने लाल तापवून दांडा सरळ करतात. दिसायला काम झकास होतं. पण तापवलेल्या जागी लोखंड मऊ पडतं आणि पुढच्या धडकेत दांडा तिथेच दुमडतो. तुमच्या समोर कुणी गॅसचा टॉर्च पेटवला तर थांबवा.

हे ओढायचं काम घरी होत नाही, हे मी मान्य केलंय. झाडाला चेनपुली बांधून ओढणारे लोक मी पाहिलेत, आणि एकाची साखळी तुटून काच फोडून गेलेलीही पाहिली आहे. बॉडी बांधून ओढायचा बेंच असलेलं वर्कशॉप जिल्ह्याच्या गावात सापडतं. मी आमची गाडी टेम्पोवर घालून तिथे नेली, एका दिवसात दोन्ही दांडे जागेवर आले. परत आणल्यावर पुन्हा सूत लावून मोजलं. वर्कशॉपमधलं काम चांगलं झालं असेल तरी आपण मोजायचंच. वेल्डिंगसाठी सीओटू वेल्डिंग असलेला माणूस घरी बोलवा. बॅटरीचा निगेटिव्ह आणि अल्टरनेटरची वायर आधी काढून ठेवा आणि डिझेल पाइप, ब्रेक पाइप बाजूला घ्या.

यानंतरचं काम मात्र खरंच घरचं आहे. इंडिकाचं इंजिन आडवं बसतं, त्यामुळे पुढून मार बसला की आधी रेडिएटर आणि पंखा मागे येतात. उजवी बाजू ठोकली असेल तर त्या बाजूचं इंजिन माउंटिंग आणि बेल्टच्या बाजूच्या पुली बारकाईने बघा. गिअरबॉक्सच्या कानावर, म्हणजे बोल्ट बसतो त्या कडीवर, केसासारखा तडा गेला असेल तर तो तेल पुसल्यावरच दिसतो. लोअर आर्म आणि नॉकल (चाकाचा हब धरणारा भाग) वाकल्याची शंका असेल तर सरळ बदला, ते ठोकून सरळ करायचे भाग नाहीत. धडकेत ताण आलेले सीटबेल्टही बदला.

तुमचं १४०५ सीसीचं इंजिन हे या गाडीचं मोठं सुख आहे. डिझेलचा पंप यांत्रिक, कॉम्प्युटरवर चालणारी कॉमन रेल नाही. २००८ मध्ये आलेल्या इंडिका व्हिस्टाच्या १.३ लिटर इंजिनासारखी त्याला स्कॅनरची फारशी गरज पडत नाही. आठ महिने उभ्या गाडीला लगेच चावी मारू नका. टाकीतलं डिझेल काढा, तळाला पाणी आणि गाळ असतोच. डिझेल फिल्टर नवा घाला. हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवा. अडलं तर जोर लावू नका, का अडलं ते शोधा. टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर नवा घाला. जुना बेल्ट दिसायला धड असला तरी तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, आणि मग इंजिन उघडल्याशिवाय सुटका नसते. प्लग काढलेले असतानाच स्टार्टरवर थोडं फिरवून सिलिंडरमधलं उरलेलं ऑइल बाहेर जाऊ द्या.

मग हीटर प्लग बसवा आणि डिझेल लाइनमधली एअर काढा. हँड प्रायमरने फिल्टरपर्यंत डिझेल भरा, ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत. त्यानंतर नोझलचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारा. चारही ठिकाणी डिझेल ओलं झालं की नट आवळा. या वेळी तोंड आणि हात नोझलच्या समोर आणू नका, दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि ती जखम साधी नसते. आमची गाडी अकराव्या प्रयत्नाला सुरू झाली. आधी दोन सिलिंडरवर, पांढरा धूर ओकत, मग चारावर. ज्या भावाचा हात मोडला होता तो ॲक्सिलरेटरजवळ उभा होता. घरातलं कुणीच थोडा वेळ बोललं नाही.

सुटे भाग मी मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्यात नाना पेठेत शोधले, काही कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेतले. २०१८ मध्ये इंडिकाचं उत्पादन बंद झालं तरी टॅक्सीत इतक्या गाड्या धावल्या आहेत की जुन्यात बहुतेक गोष्टी मिळतात. पावती घ्या, नाहीतर चोरीच्या गाडीचा माल निघाला तर तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल. चॅसी नंबर असलेला पत्रा कधीही कापू किंवा झाकू नका, आणि दुसऱ्या गाडीचा नंबर असलेला तुकडाही आपल्या गाडीत येऊ देऊ नका.

रंगाबद्दल थोडंच सांगतो. पावसाळ्यात रंगकाम करू नका, दमटपणाने चकाकी दुधाळ होते. लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी, पातळ हवी. जाड थर दोन उन्हाळ्यांत तडकतो, म्हणून आधी पत्रा नीट ठोकून घ्या. हार्डनर घालायच्या रंगाचा फवारा घरी मारू नका. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो आणि कागदी मास्कचा त्याला काही उपयोग नाही. प्रायमरपर्यंत घरी करा, शेवटचा हात बूथवाल्याकडे. गाडीचा रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करावी लागते.

आता कागद. गाडी २००९ ची म्हणजे नोंदणीची १५ वर्षं २०२४ मध्ये संपली. खासगी गाडीची नोंदणी फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांनी वाढते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारसाठी त्याचं शुल्क ५,००० रुपये झालं, उशीर झाल्यास दर महिन्याचा दंड वेगळा, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. आरटीओत गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. 'डिझेल गाडीला दहाच वर्षं' हा नियम दिल्ली-एनसीआरचा आहे, महाराष्ट्राचा नाही, त्यामुळे गॅरेजवाल्याने तेवढ्यावर गाडी भंगारात घालायला सांगितली असेल तर ऐकू नका. पण एक खात्री आजच करा: तुम्ही विम्याचा दावा केला होता का? दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांपुढे गेल्यास विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' ठरवते. तसं होऊन आरसी रद्द झाली असेल तर वर लिहिलेलं सगळं करून काही उपयोग नाही.

तुम्ही लिहिलंय की बाबा अजूनही रोज शेडमध्ये जाऊन बॅटरीचं कव्हर पुसतात. त्यांना सूत धरायला सोबत घ्या, कर्ण मोजायला दोन माणसं लागतातच. रविवारी मोजून दोन्ही कर्णांचे आकडे आणि उजव्या लाँग मेंबरचा जवळून काढलेला फोटो इथे टाका. घडी पडलीय की नुसता वाकलाय, ते बघून सांगतो.