फक्त दोघांनी इमॅजिकाला जाताना किती नियोजन करावे?

वर्ध्याजवळच्या गावातून, मुलांना घरी ठेवून, पती-पत्नींनी खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानाला जाताना तासातासाचे वेळापत्रक आखावे का, असे आपण विचारता; तसे मुळीच करू नये; रेल्वेचे आरक्षण, दोन रात्रींचा मुक्काम आणि उद्यानाचे तिकीट एवढेच आधी ठरवावे. आम्ही दोघे फेब्रुवारीतील एका बुधवारी गेलो होतो, त्यावरून सांगतो: तोवर कापसाची वेचणी बरीचशी उरकलेली असते, शाळांच्या सहली ओसरतात आणि परीक्षांमुळे कुटुंबांची गर्दीही कमी होते, त्यामुळे कोणत्या खेळाला आधी जावे याचा हिशेब मांडावा लागत नाही. विदर्भ एक्स्प्रेसने पहाटे कल्याणला उतरून खोपोली लोकल धरावी, मात्र त्या दिवशी नुसती झोप काढावी (जागरणानंतर उद्यानात फिरणे ही शिक्षाच आहे). दुसऱ्या दिवशी ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर सकाळीच उरकावा, कारण त्यात पायाखाली तळ नसतो, पाय अधांतरी लोंबकळतात आणि जेवण झाल्यावर ते सोसत नाही. त्यानंतरची दुपार सावलीत बसून काढली तरी पैसे वाया गेले असे समजू नये. अर्थात रक्तदाब, हृदयविकार किंवा पाठीचे दुखणे असल्यास असे वेगवान खेळ टाळावेत.