मुरूम जातात, खड्डे राहतात

या महिन्यात केस, नखं, गजकर्ण सगळं मागे पडलंय. त्वचेच्या या सदराला आलेली वाचकांची पत्रं उघडावीत तर मुरूमच मुरूम. निकाल लागलेत आणि लग्नसराई अजून संपलेली नाही, त्यामुळे असेल. सारखी पत्रं एकत्र करून काही निवडली आहेत. नावं छापलेली नाहीत, आणि जिथे प्रश्नापेक्षा हळहळ जास्त होती तिथे कात्री लावली आहे.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे. गालांवर, हनुवटीवर मोठ्या गाठी येतात, दुखतात, पू होतो. सासूबाई म्हणतात, उष्णता आहे, वय झालं की जाईल. त्या रोज जायफळ उगाळून लावतात. मिस्टरांच्या गालांवर जुने खड्डे आहेत, त्यांनीही कधी काही केलं नव्हतं. थोडं थांबून बघावं का? – एक आई, बार्शी

उत्तर : थांबू नका. मिस्टरांच्या खड्ड्यांचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्या दृष्टीने पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच. मुरमांची प्रवृत्ती घराण्यातून येते. बापाच्या गालांवर खड्डे आणि मुलाला सोळाव्या वर्षीच दुखऱ्या गाठी, असं असेल तर वाट बघण्यात नुकसान आहे. सासूबाईंचं निम्मं खरं आहे. विशी ओलांडली की बऱ्याच जणांचे मुरूम ओसरतात. खड्डे मात्र तसेच राहतात.

आत काय चाललंय ते सांगते, म्हणजे घरात समजावणं सोपं जाईल. वयात येताना अँड्रोजेन नावाची संप्रेरकं वाढतात, मुलींमध्येसुद्धा. त्यांच्यामुळे केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी जास्त तेल सोडायला लागतात. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या मेलेल्या पेशी नीट झडत नाहीत, चिकटून राहतात आणि बूच बसतं. बुचाचं तोंड उघडं राहिलं तर ब्लॅकहेड, बंद राहिलं तर व्हाइटहेड. (ब्लॅकहेडचा काळेपणा मळाचा नसतो, त्यामुळे तो घासून जात नाही. कितीही स्क्रब करा.) मागे साठलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचा जंतू पोसला जातो. तो तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या कातडीवर असतोच, इथे त्याला आयतं खाद्य मिळतं. सूज येते. सूज वाढून छिद्राची भिंत फुटली की आतला सगळा ऐवज खोल त्वचेत सांडतो, शरीर त्याच्यावर तुटून पडतं आणि त्या झटापटीत त्वचेला भरीव ठेवणारं कोलॅजन नष्ट होतं. खड्डा पडतो तो असा. मुलाच्या गाठी याच पायरीवर आहेत.

त्याला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, याच महिन्यात. गाठी आणि पू असेल तर नुसत्या मलमाने भागत नाही. बहुतेक डॉक्टर सोबत डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी साधारण तीन महिने देतात. ती ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेत अडकून जखम करते. उन्हाने चेहरा लवकर भाजतो, तेही लक्षात ठेवा.

लावायच्या औषधांत दोन नावं ओळखीची करून घ्या. एक बेंझॉइल पेरॉक्साइड. 2.5 टक्के पुरेसं होतं, दरवेळी जास्त टक्क्यांच्या मागे लागू नये. ते जंतू मारतं आणि जंतूंना त्याची सवय होत नाही. म्हणूनच क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाचं जेल एकटं महिनोन्‌महिने चोपडू नये, जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड हवं. पण हे औषध कपड्यांचा रंग उडवतं. उशीचा अभ्रा, टॉवेल, शर्टाची कॉलर, सगळीकडे फिकट डाग पडतात आणि ते डाग साबणाने निघत नाहीत. मुलासाठी पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा वेगळा काढा.

दुसरं अ‍ॅडापालीन, 0.1 टक्के, रात्री. हे बूच बसू देत नाही. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं. कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्यायचे आणि पसरायचं. फक्त मुरमावर टेकवायचं नाही, कारण पुढच्या महिन्यातला मुरूम आज रिकाम्या दिसणाऱ्या जागेत तयार होतोय. पहिले दोन-तीन आठवडे सालं निघतात, चुरचुरतं, कधी मुरूम वाढल्यासारखे वाटतात. इथेच निम्मी मुलं ट्यूब फेकून देतात. एक दिवसाआड सुरू करा, वरून साधं मॉइश्चरायझर लावा. फरक कळायला आठ ते बारा आठवडे लागतात.

आणि जायफळ. सहाणेवरची उगाळी खरखरीत असते, सुजलेल्या कातडीला ती आणखी चिडवते आणि मागे काळे डाग सोडते. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर म्हणावं, जायफळ श्रीखंडात घाला.

प्रश्न : मी 22 वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी मेडिकलमधून एक क्रीम आणली होती, मैत्रिणीने सांगितली. आठ दिवसांत मुरूम गेले, रंगही उजळला. आता लावली नाही की दोन दिवसांत चेहरा लाल होतो, बारीक पुटकुळ्या उठतात, उन्हात गेलं की आग होते. ओठांवर लव वाढलीये. क्रीम बदलू का? – जालना

उत्तर : ट्यूब हातात घे आणि मागची बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसतंय का? माझी खात्री आहे, दिसेल. ही स्टिरॉइडं आहेत. इसब, सोरायसिस यांसाठी ती उत्तम औषधं आहेत, ठरावीक जागी, ठरावीक दिवस. पण आपल्याकडे ती गोरं होण्याची क्रीम म्हणून विकली जातात. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांच्याबरोबर मोमेटासोन घातलेलं मिश्रण तर विशेष. ते वांगासाठी थोडे दिवस वापरायचं औषध आहे, आणि मुली ते पावडर लावावी तसं दोन-दोन वर्षं लावतात.

पहिल्या आठवड्यात मुरूम का गेले? स्टिरॉइड सूज दाबतं आणि रक्तवाहिन्या आकसवतं. चेहरा गुळगुळीत आणि उजळ दिसतो. आत मात्र कातडी पातळ होत जाते, लाल रेषा दिसायला लागतात, लव वाढते, आणि स्टिरॉइडचेच वेगळे मुरूम येतात, बारीक आणि सगळे एकाच मापाचे. मग लावलं नाही की आग, लावलं की बरं. तू याच फेऱ्यात अडकली आहेस. माझ्या दवाखान्यात अशी मुलगी आली की मी आधी पर्समधल्या सगळ्या ट्यूबा टेबलावर ठेवायला सांगते. शेपटीकडून घडी घालत घालत अगदी पिळून संपवलेली असते, ती गुन्हेगार. बाकीच्या अर्ध्या भरलेल्या असतात.

ही गोष्ट इतकी बोकाळली आहे की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या चेहऱ्याला स्वतंत्र नाव दिलंय, 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस'. स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत म्हणून 2018 मध्ये केंद्र सरकारने नियमही कडक केले. काउंटरवर ते कितपत पाळले जातात, ते तुझ्याच पत्रावरून दिसतंय.

आता क्रीम बदलू नकोस, बंद कर, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. किती दिवस आणि किती तीव्र वापरली यावर एकदम थांबायचं की सौम्य क्रीमवरून हळूहळू उतरायचं ते ठरतं. बंद केल्यावर पहिले काही आठवडे वाईट जातील. चेहरा लालबुंद होईल, सुजेल, घरचे म्हणतील "डॉक्टरने आणखी बिघडवलं". या दिवसांत पुन्हा ट्यूबकडे हात जाऊ देऊ नकोस. थंड पाण्याच्या घड्या, सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि डॉक्टर देतील ती गोळी, बस. फेशियल, ब्लीच, वाफ, सगळं बंद. पूर्ण निवळायला काही महिने लागतात. ओठांवरची लवही बरीच कमी होते. आणि त्या मैत्रिणीलाही तिची ट्यूब वाचायला सांग.

प्रश्न : मी जिमला जातो. पाठीवर, खांद्यांवर, छातीवर मोठे मुरूम आहेत. डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन लिहून दिलंय, पण मित्र म्हणतात त्याने लिव्हर जातं आणि पुढे मुलं होत नाहीत. खरं आहे का? प्रोटीन पावडर बंद करू का? – इस्लामपूर

उत्तर : मुलं होत नाहीत हे पुरुषांच्या बाबतीत खरं नाही. ही अफवा जिथून उगवली तिथली गोष्ट वेगळी आहे. बाईने हे औषध घेताना दिवस राहिले तर बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून स्त्रियांना ते गर्भ नाही याची खात्री करून, गर्भनिरोधनाची सोय असेल तरच देतात, आणि औषध थांबल्यावरही किमान महिनाभर सांभाळावं लागतं. वाचक मुलींनी हे दोनदा वाचा. मैत्रिणीच्या गोळ्या उसन्या घेणं तर अजिबात नको. तुला लागू होणारा भाग एवढाच, की औषध चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्तदान करायचं नाही. ते रक्त कुणा गरोदर बाईला जाऊ शकतं.

लिव्हरचं म्हणशील, तर सुरुवातीला आणि मध्ये रक्त तपासतात, लिव्हर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) दोन्ही. बहुतेकांचं काही बिघडत नाही, बिघडलं तर डोस कमी करतात. हे औषध 1982 पासून वापरात आहे आणि खड्डे पाडणाऱ्या मुरमांवर आजही त्याच्या तोडीचं दुसरं नाही. ओठ फुटणार, हे ठरलेलं. खिशात व्हॅसलीन ठेव. औषध जेवणानंतर घे, रिकाम्या पोटी नीट शोषलं जात नाही. सोबत व्हिटॅमिन ए नको. तू वजनं उचलतोस हे डॉक्टरांना आठवणीने सांग, कारण अंग दुखू शकतं आणि स्नायूंच्या तपासणीचे आकडे वाढलेले दिसू शकतात. मन फार उदास वाटायला लागलं तर तेही लगेच सांगायचं, लाजायचं नाही.

व्हे प्रोटीनने काहींचे मुरूम वाढतात. दोन-तीन महिने थांबवून बघ, अंडी आणि डाळ-उसळ कुठे पळून जात नाहीत. पण खरं सांग, फक्त पावडरच चालू आहे ना? जिममधला कुणी 'सायकल'ची इंजेक्शनं देत असेल तर ती पुरुषी संप्रेरकंच असतात, आणि छाती-पाठीवर असे मुरूम त्यांनी बऱ्याचदा उठतात. मला कळवू नकोस हवं तर. तुझ्या डॉक्टरांना कळव.

प्रश्न : वय 27, दोन महिन्यांवर लग्न. मुरूम आता क्वचित येतात, पण गालांवर खड्डे आणि डाग आहेत. जवळच्या पार्लरमध्ये सहा लेझरचं पॅकेज आहे, 'शंभर टक्के' म्हणतात. पैसे भरू का? – डोंबिवली

उत्तर : भरू नका. 'शंभर टक्के' ऐकलं की उठून यायचं.

आधी डाग आणि खड्डे वेगळे करा. रात्री खोलीतला दिवा घालवा, आरशासमोर उभ्या राहा आणि मोबाइलचा टॉर्च गालाच्या बाजूने, कानाजवळून आडवा मारा. जिथे सावली पडते तो खड्डा. जिथे नुसता रंग गडद आहे पण सावली नाही, तो डाग. पुष्कळ जणी ज्याला खड्डे म्हणून रडतात त्यात निम्मे डाग निघतात, आणि डाग महिन्यांगणिक फिके होतात. सनस्क्रीन रोज, किमान एसपीएफ 30, सोबत अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड. दोन महिन्यांत इथे दिसण्यासारखा फरक पडू शकतो.

खड्ड्यांचं तसं नाही. सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल असतात त्यांच्यावर लेझर फारसं चालत नाही. तिथे तीव्र ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड टोकदार काडीने नेमकं खड्ड्याच्या तळाशी टेकवतात, जागा क्षणात पांढरी होते आणि पुढे तळ भरत येतो. लाटेसारखे उथळ, रुंद खड्डे असतील तर कातडी आतल्या तंतूंनी खाली ओढून धरलेली असते. ते तंतू सुई आत घालून कापतात, त्याला सबसिजन म्हणतात. उभ्या कडांच्या खड्ड्यांना मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेझर (ठिपक्या-ठिपक्यांनी मारलेलं लेझर). एकाच गालावर तिन्ही प्रकार असू शकतात, म्हणून सगळ्यांना एकच पॅकेज हे मुळातच चूक. दर बैठकीत महिनाभराचं अंतर लागतं, आणि शेवटच्या बैठकीनंतरही कोलॅजन भरायला काही महिने जातात. खड्डे उथळ होतात, पूर्ण सपाट सहसा होत नाहीत. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला लेझरनंतर काळे डाग पडण्याची भीती जास्त, आणि तेच डाग घेऊन बोहल्यावर उभं राहायचं का? लग्न होऊ द्या. नंतर त्वचारोगतज्ज्ञांकडे निवांत सुरुवात करा. ऑनलाइन मिळणारा सुयांचा डर्मारोलर घरी फिरवू नका, चालू मुरमावर फिरला तर जंतू सगळीकडे पसरतात.

थोडक्यात

*तिशीनंतर पहिल्यांदाच जबड्याच्या कडेला मुरूम, पाळी दोन-दोन महिने लांबते (नाशिक)* – मलम नंतर, आधी पीसीओएसची (संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी अनियमित होते, त्या विकाराची) तपासणी. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ दोघांनाही दाखवा.

*कपाळावर केसांच्या रेषेलगतच बारीक पुटकुळ्या (सावंतवाडी)* – रोज खोबरेल तेल चोपडून झोपता ना? तेल न्हाण्याआधी तासभर लावा, रात्रभर नको. उशीचा अभ्राही बदला.

*टूथपेस्टने मुरूम वाळतो का? (परभणी)* – कातडी भाजते. दात घासा.

*लग्नाच्या आदल्या दिवशी मोठा मुरूम आला तर? (तीन पत्रं, तीन गावं)* – फोडू नका. डॉक्टर गाठीत सौम्य स्टिरॉइडचं बारीक इंजेक्शन देतात, एक-दोन दिवसांत बसते. पण आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करू नका, दोन दिवस आधी या.