बालवाडीत माजी सैनिकाला बोलावताना

ताई, चार-पाच वर्षांच्या मुलांसमोर ‘शौर्य’, ‘बलिदान’ असे शब्द नकोत. पोपटपंची करतील आणि विसरतील. त्यांना माणूस भेटवा. इंदूरला हे सोपं, महूची छावणी जवळच. कॉलनीत चौकशी केलीत तर एखादे निवृत्त फौजी आजोबा नक्की सापडतील.

‘किती शत्रू मारले?’ हे कोणीतरी विचारणारच, बहुधा एखादा हौशी पालकच! म्हणून मुलांकडून आदल्या दिवशीच प्रश्न काढून घ्या: बर्फात काय घालायचात, स्वयंपाक कोण करायचं, आईची आठवण आली की काय करायचात? आजोबा खुलतात ते इथेच. लढाईबद्दल ते बोलले नाहीत, तर खोदून विचारू नका. खेळण्यातल्या बंदुकाही नकोत.

१४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. १९५३ मध्ये याच दिवशी भारतीय सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा निवृत्त झाले. संक्रांतही त्याच सुमारास, म्हणजे सुट्टी. तेव्हा एक दिवस आधी बोलवा, मुलांच्या हातून तिळगूळ द्या.

७ डिसेंबरला, सैनिकांसाठी देणगी गोळा करतात त्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला, छोटा झेंडा लावताना एवढंच सांगा, की हे देणगीचे पैसे जखमी सैनिकांसाठी, शहिदांच्या घरच्यांसाठी जातात.