नव्या चालकाने आधी नजर तयार करावी
क्लच, गिअर आणि स्टिअरिंग हाताला बसले की गाडी चालवता येऊ लागली, असा समज घेऊन तुम्ही प्रशिक्षणाला आला असाल, तर तो आताच बाजूला ठेवा. हातांचे काम लवकर जमते, नजरेला मात्र वेळ लागतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबण्याचे अंतर साधारण चौपट होते. म्हणूनच बॉनेटसमोरच्या रस्त्याकडे टक लावून न पाहता दूरवर, आरशांत आणि उभ्या वाहनांच्या आडोशाला सतत नजर फिरवा, आणि दिसणारा प्रत्येक संभाव्य धोका शेजारच्या प्रशिक्षकाला मोठ्याने सांगा. सुरुवातीला संकोच वाटेल, वाटू द्या. परवाना मिळाल्यावरही पहिले काही महिने रात्री आणि पावसात अनुभवी चालकाला सोबत घ्या. मित्रांनी भरलेली गाडी तर या काळात टाळाच, कारण किशोरवयीन चालकासोबत त्याच वयाचे प्रवासी वाढले की जीवघेण्या अपघाताचा धोकाही वाढतो. सीटबेल्ट सर्वांनी लावावा, मागे बसणाऱ्यांनीही.