पुण्यात बंगल्यासमोरची हिरवळ काढून, कमी पाण्यात तगणारी आणि फुलपाखरे-पक्षी येतील अशी बाग कशी करावी?

उन्हाळ्यात रोज पाणी मागणारी हिरवळ मे महिन्यात मुळांसकट खणून काढावी आणि पहिला दमदार पाऊस झाल्यावर लागवड करावी, म्हणजे पावसाळ्यात मुळे खोल जाऊन रोपे पुढचा उन्हाळा सोसण्याइतकी सावरतात. कढीपत्ता, लिंबू आणि अडुळसा एवढ्यावर सुरुवात पुरेशी आहे. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळल्यास औषध फवारू नये; तिचेच पुढे फुलपाखरू होते, आणि चार पाने कुरतडली गेल्याने झाड मरत नाही. अडुळशाच्या फुलांवर शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी, येतात. रुईवर प्लेन टायगर फुलपाखरू अंडी घालते खरे, परंतु तिचा चीक डोळ्यांना घातक असल्याने घरात लहान मुले असतील तर ती टाळलेलीच बरी. पालापाचोळा जाळण्याऐवजी आळ्यात पसरावा.