सीताबर्डीच्या मॉडमध्ये खाकी आणि एनफिल्ड नको

भाऊ, तुम्ही विचारलंय की नागपूरच्या सीताबर्डीच्या लढाईच्या मॉडमध्ये (गेममध्ये आपण करतो त्या बदलात) ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांना खाकी गणवेश आणि एनफिल्ड रायफल दिली तर काय बिघडतं, खेळणाऱ्याला तेवढं कुठं कळतं. बिघडतं, आणि बरंच बिघडतं. नागपूरचे आप्पासाहेब भोसले आणि कंपनी यांच्यातली ही लढाई 26-27 नोव्हेंबर 1817 ची. एनफिल्ड 1853 ची. खाकी तर 1840 च्या दशकाच्या अखेरीस, सरहद्दीवरच्या गाइड्स पलटणीत आली. रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज वकिलाची कोठी, राखायला उभं होतं ते मद्रासचं पायदळ: लाल कोट, छातीवर पांढरे तिरपे पट्टे, हाती ब्राउन बेस बंदूक.

बंदूक चुकली की लढाईच चुकते. ब्राउन बेस चकमकीच्या दगडाच्या ठिणगीवर उडणारी, आतून गुळगुळीत नळीची. कसलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढायचा, पण शंभर यार्डांपुढे नेमाचा भरवसा नसायचा. एनफिल्डच्या नळीला आतून पेच असतात, ती कितीतरी लांब मारते. ती दिलीत तर शिपाई अरबांना पायथ्याशीच टिपतील. खऱ्या लढाईत अरबांनी दोन टेकड्यांपैकी छोटी टेकडी काबीज केली होती, ते तुमच्या मॉडमध्ये घडणारच नाही.

हे अरब म्हणजे आप्पासाहेब भोसल्यांचं सगळ्यात कडवं पायदळ. त्यांना तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडणाऱ्या बंदुका आणि कमरेला जंबिया (वाकडा खंजीर) द्या. तोडा सतत पेटता ठेवावा लागतो, आणि लढाई संध्याकाळी पेटून रात्रभर चालली. तेव्हा अंधारात उतारावर तोड्यांचे लाल ठिपके हलताना दिसलेच पाहिजेत. बाकी काही सुटलं तरी हा इफेक्ट सोडू नका.

मद्रासी शिपायांच्या डोक्यावर गोऱ्या पलटणींची टोपी चढवू नका. नव्या शिरस्त्राणावरून आणि गंध लावायच्या बंदीवरून 1806 मध्ये वेल्लोरला उठाव झाला, कंपनीला ते हुकूम मागे घ्यावे लागले. कपाळी गंध असलेले चेहरे जरूर करा.

मराठी घोडेस्वारांना एकसारखी स्किन नको. शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचं आणायचा, म्हणून पागोटी, अंगरखे, ढाली, भाले वेगवेगळे ठेवा. आणि नकाशातून तटबंदी काढा, आजचा किल्ला इंग्रजांनी लढाईनंतर बांधला.

नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, शस्त्रांचं दालन आहे, जुन्या बंदुका तिथं नीट बघा. मग ब्राउन बेसच्या चापाचा जवळून रेंडर इथं टाका. गार (चकमकीचा दगड) धरणारा बंदुकीचा घोडा, ठिणगी पाडणारी पोलादी पात आणि रंजकाची (पेट घेणाऱ्या दारूची) वाटी, या तिन्ही गोष्टी मी तपासून देतो.