बागेतले गवत, उताराची जमीन आणि छोटा ट्रॅक्टर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लांजा तालुक्यात आमची साडेसहा एकरांची बाग असून तीत हापूसची दीडशे कलमे आणि काजूची शंभरेक झाडे आहेत. निवृत्तीनंतर मी वर्षातले सात-आठ महिने गावीच असतो. बेणणीला, म्हणजे बागेतले गवत कापायला, माणसे मिळत नाहीत आणि मिळाली तरी पाठीवरच्या ग्रासकटरने एक बेणणी संपायला पंधरा-वीस दिवस लागतात. तोवर पहिल्या टोकाचे गवत पुन्हा गुडघ्याला आलेले असते. एका विक्रेत्याने २७ एचपीचा छोटा ट्रॅक्टर आणि त्यासोबत रोटाव्हेटर सुचवला आहे. अनुदान मिळेल, असेही तो म्हणतो. बागेचा काही भाग उताराचा आणि काही कातळाचा आहे. ट्रॅक्टर घ्यावा का, आणि घेतला तर कोणता?

उत्तर : विक्रेत्याने ट्रॅक्टरपासून सुरुवात केली, ती अवजारापासून व्हायला हवी होती. आपल्याला जमीन नांगरायची नाही, गवत कापायचे आहे. आणि रोटाव्हेटर हे गवत कापण्याचे अवजार नव्हे. तो वरची चार-पाच इंच माती भुसभुशीत करतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि उतारावरची अशी सुटी केलेली माती पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींतच पऱ्ह्याला (ओढ्याला) लागते. जांभ्याच्या जमिनीत मातीचा थर मुळातच पातळ असतो आणि कलमांची अन्न शोषणारी बारीक मुळे त्याच थरात पसरलेली असतात. रोटाव्हेटर ती दरवर्षी तोडत राहतो. शिवाय जांभ्याचे दगड लागून त्याची पाती वाकतात, तो खर्च वेगळाच. भाजीपाल्याच्या किंवा भुईमुगाच्या सपाट तुकड्यासाठी रोटाव्हेटर उत्तम आहे. आंब्याच्या उताराच्या बागेत मात्र तो फिरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याला हवा तो स्लॅशर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे थ्री पॉइंट लिंकेजला (अवजार उचलणाऱ्या तीन दांड्यांना) जोडून पीटीओवर, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, चालणारा ग्रासकटर. त्याची पाती बिजागरीसारखी सैल बसवलेली असतात, त्यामुळे दगड लागला की पाते मागे झुकते आणि गिअरबॉक्सला बसणारा धक्का बराच कमी होतो. फ्लेल मॉवर किंवा मल्चर गवत अधिक बारीक करतो, पण तो महाग असतो, त्याला ताकद जास्त लागते आणि दगडाळ जमिनीत त्याच्या छोट्या पात्यांची फार नासाडी होते. आपल्यासाठी साधा स्लॅशरच योग्य आहे. तो जमिनीपासून तीन-चार इंच उंच धरून चालवावा. मुळापासून गवत कापण्याचा हट्ट धरला तर गवताआधी पातीच संपतात.

आता एचपीचा हिशोब मांडू. दाट, उंच गवतात स्लॅशरच्या रुंदीच्या दर फुटाला साधारण चार ते पाच एचपी लागतात आणि त्या इंजिनच्या नव्हे, पीटीओवर मिळणाऱ्या. पीटीओपर्यंत पोहोचताना इंजिनची पंधरा-वीस टक्के ताकद कमी होते. म्हणजे चार फुटी स्लॅशरला २१ ते २४ एचपीचा ट्रॅक्टर पुरतो. १५ एचपीच्या वर्गातले महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ यांच्यासारखे ट्रॅक्टर तीन फुटी स्लॅशर ओढतील. पण आपल्या जमिनीचे वर्णन वाचून मी फोर व्हील ड्राइव्हशिवाय काही घेऊ नका असेच म्हणेन, आणि तो निकष लावला की कुबोटाचा निओस्टार ए २११ एन (२१ एचपी) किंवा महिंद्राचा जिवो २४५ डीआय (२४ एचपी) यांच्या वर्गात शोध घ्यावा लागेल. २७ एचपीचा ट्रॅक्टर वाईट नाही, पण केवळ गवतासाठी त्याची गरज नाही. स्लॅशरची रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरील कडांपेक्षा दोन-चार इंच जास्त आहे ना, हे टेप लावून पाहावे. तसे नसेल तर चाकाखाली दबलेले गवत न कापताच राहते आणि चार दिवसांनी बागेत दोन हिरव्या रेघा उभ्या राहतात.

फोर व्हील ड्राइव्ह केवळ चढासाठी हवी असे समजले जाते, ते अर्धेच खरे आहे. ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा मागच्या चाकांनाच असतात. उतारावरून खाली येताना वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि ओल्या गवतावर ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरत राहतो. पुढची चाके जोडलेली असली तर इंजिनचा रोध चारही चाकांना मिळतो. म्हणून उतरताना लिव्हर फोर व्हीलमध्येच ठेवावी, गिअर लो रेंजमध्ये असावा, क्लच अजिबात दाबू नये आणि डाव्या आणि उजव्या चाकांची दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने एकमेकांना जोडलेली असावीत.

उतार किती आहे हे डोळ्यांनी ठरवू नका, कारण रोज पाहून पाहून डोळ्यांना तो सपाट वाटू लागतो. एक मीटर लांबीची लाकडी पट्टी आणि गवंड्याची पाणसळ घ्या. पट्टीचे एक टोक वरच्या अंगाला जमिनीवर टेकवा, पाणसळीतला बुडबुडा मध्यभागी येईपर्यंत दुसरे टोक उचला आणि त्या टोकाखालचे अंतर मोजा. ते २७ सेंटिमीटर भरले तर उतार १५ अंशांचा झाला. त्याच्या पुढे मी ट्रॅक्टर नेत नाही. तिथे पाठीवरचा ग्रासकटरच बरा. त्याच्या आतल्या उतारावरही कापणी वरून खाली आणि खालून वर अशी करावी, आडवी करू नये, कारण ट्रॅक्टर बहुधा कुशीवरच उलटतो. त्यातही खालच्या बाजूचे चाक जुन्या आळ्याच्या खड्ड्यात आणि वरच्या बाजूचे चाक दगडावर असे एकाच क्षणी झाले, की पाणसळीने मोजलेला उतार क्षणात दुप्पट होतो. यासाठी पहिल्या वर्षी बागेतून पायी फिरून दगड, खुंट आणि खड्डे यांच्या शेजारी चुन्याची खूण केलेली काठी रोवून घ्यावी.

ट्रॅक्टरला रोलबार, म्हणजे तो उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान, हवाच. कलमांच्या खाली झुकलेल्या फांद्यांमुळे तो घडी होणारा असावा, आणि त्याचा नियम नीट लक्षात ठेवावा : रोलबार उभा असताना सीटबेल्ट बांधायचाच, घडी केलेला असताना बांधायचा नाही. उलटणाऱ्या ट्रॅक्टरला पट्ट्याने बांधलेला माणूस रोलबार नसेल तर थेट त्याच्याखालीच जातो.

आता खर्चाचे पाहू. चार फुटी स्लॅशर ताशी तीन किलोमीटर वेगाने चालवला तर कागदावर तासाला ३,६०० चौरस मीटर गवत कापले जाते. झाडांना वळसे, अडलेली वाट, पात्यात गुंतलेली वेल हे सारे धरले तर प्रत्यक्षात तासाला पाऊण एकराहून थोडे कमीच होते. आपल्या साडेसहा एकरांतला कातळ वगळून पाच एकर ट्रॅक्टरखाली येतील असे धरले, तर एका बेणणीला साडेसात-आठ तास आणि वर्षाच्या तीन बेणण्यांना चोवीस तास लागतील. वर्षातून चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात पाच लाखांच्या आसपासची रक्कम गुंतवणे मला पटत नाही. फवारणीसाठी पीटीओवर चालणारा एचटीपी (जास्त दाबाचा) पंप, हंगामात आंब्याच्या पेट्या रस्त्यापर्यंत आणण्यासाठी छोटी ट्रॉली, शेणखत आणि पाण्याची टाकी ही कामेही त्याच ट्रॅक्टरवर घेतली, तरच तो परवडतो. शेजारचे दोन बागायतदार भाड्याने काम द्यायला तयार असतील तर निर्णय आणखी सोपा होईल. तसे नसेल, तर या वर्षी कोणाचा तरी ट्रॅक्टर दोन दिवसांसाठी भाड्याने आणून आपल्याच बागेत चालवून पाहा. गडग्याच्या बेड्यातून, म्हणजे दगडी कुंपणाच्या फाटकातून, तो आत येतो का, हेही तेव्हाच कळेल. पुष्कळांना ते ट्रॅक्टर दारात आल्यावर कळते.

बेणणीच्या वेळेबाबत थोडे सांगतो. जून-जुलैत ओल्या मातीत ट्रॅक्टर घालू नये. चाकांच्या चाकोऱ्या पडतात आणि पुढे त्यांचेच ओहोळ होतात. ऑगस्टच्या उघडिपीत पहिली, सप्टेंबरअखेर दुसरी आणि गवत पिवळे पडण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटास वा नोव्हेंबरच्या आरंभी, तिसरी बेणणी करावी. ही तिसरी सर्वांत महत्त्वाची, कारण ती वणवा रोखण्यासाठी असते. बागेच्या कडेने पंधरा-वीस फुटांचा पट्टा कापून तिथले गवत गोळा करून हलवावे. कापून तिथेच टाकलेले गवत पंधरा दिवसांत वाळते आणि उभ्या गवताइतकेच पेटते. असा पट्टा नुसता दिसायलाच स्वच्छ असतो. गोळा केलेले गवत आळ्यांत आच्छादन म्हणून घालता येईल, परंतु बुंध्याभोवतीची फूटभर जागा मोकळी सोडावी.

अनुदानाबाबत एवढेच : अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो आणि पूर्वसंमतीपत्र हाती येण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही. विक्रेता कितीही घाई करो, आधी पत्र आणि मग पैसे. २२ सप्टेंबर २०२५पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे; कोटेशन त्याप्रमाणे आहे का, तेही तपासून घ्यावे.

प्रश्न : निफाड तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. दोन ओळींमधले गवत २४ एचपीच्या ट्रॅक्टरने आणि स्लॅशरने कापतो. अर्ध्या तासात इंजिनचे तापमान वाढते. यंदा दोनदा शिअर बोल्ट तुटला, म्हणून मिस्त्रीने तिथे जाड बोल्ट टाकून दिला. हे बरोबर आहे का?

उत्तर : आधी तो जाड बोल्ट काढून टाका. शिअर बोल्ट तुटण्यासाठीच बनवलेला असतो. पात्याला अडथळा आला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. माझ्याकडे एका गड्याने घाईत असाच हाय टेन्साइल बोल्ट बसवला होता. तिसऱ्या दिवशी गवतात लपलेल्या सिमेंटच्या खांबाला स्लॅशर अडला, बोल्ट शाबूत राहिला आणि गिअरचे दोन दात चहाच्या कपात ठेवून त्याने मला आणून दाखवले. कंपनीने सांगितलेल्या मापाचे आणि प्रतीचे पाच-सहा बोल्ट टूलबॉक्समध्येच ठेवावेत. ते वारंवार तुटत असतील, तर पाती बोथट झाली आहेत का आणि पीटीओ जोडताना इंजिनचा वेग फार चढवला जातो का, हे पाहा. पीटीओ कमी वेगावर जोडून मग हळूहळू रेस वाढवत मिनिटाला ५४० फेऱ्यांवर न्यावा. ओळीच्या टोकाला स्लॅशर उचलून वळताना पीटीओ बंद करावा. उंच उचललेल्या अवस्थेत शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याच वेळी तो खडखडतो.

तापमानाचे कारण बहुधा रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर असेल. गवताचे तुरे आणि कुसळे तिथे गादीसारखी बसतात. तासाभराने इंजिन बंद करून जाळी बाहेर काढा आणि झटका. रेडिएटरच्या पट्ट्यांना मात्र इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हवा मारा. समोरून हवा मारली तर कचरा आणखी आत जातो, आणि प्रेशरचे पाणी मारले तर पट्ट्या वाकतात. ऑइलबाथ (तेलातून हवा गाळणारा) एअर क्लीनर असेल तर गवताच्या दिवसांत त्याचे तेल रोज पाहावे. एवढे करूनही तापमान चढत राहिले, तर फॅनबेल्ट आणि कूलंट तपासा.

प्रश्न : आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. घराभोवती चार एकर जागा असून त्यातली तीन एकर सपाट हिरवळ आहे. झीरो टर्न मॉवर (जागच्या जागी वळणारे, बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र) घ्यावा की पोटाखाली मॉवर असलेला छोटा ट्रॅक्टर?

उत्तर : फक्त हिरवळ कापायची असेल तर झीरो टर्न घ्या. सपाट जागेवर तो ट्रॅक्टरपेक्षा बराच वेगाने काम उरकतो आणि झाडांभोवती सहज वळतो. परंतु हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ काढणे, लोडरने (पुढे जोडलेल्या उचलत्या बादलीने) खडी आणि माती हलवणे, पडलेले ओंडके ओढणे हीही कामे आपल्याला स्वतःच करायची असतील, तर जॉन डिअर १०२५ आर किंवा कुबोटाच्या बीएक्स मालिकेतला ट्रॅक्टर हायड्रोस्टॅटिक गिअरसह (क्लच न दाबता पेडलने वेग बदलणाऱ्या) घ्यावा. त्यांच्यात पोटाखालच्या मॉवरसाठी वेगळा मिड पीटीओ असतो. टायर टर्फचे (हिरवळीसाठीचे) घ्या, शेतीचे टायर हिरवळ उकरतात. आणि लोडर वापरताना मागे बॅलास्ट बॉक्स (वजनाची पेटी) किंवा एखादे जड अवजार लावायला विसरू नका. भरलेली बादली उंच उचलली की मागची चाके हलकी होतात, आणि तसे झाले आहे हे बसलेल्या माणसाला फार उशिरा जाणवते.